रानडुक्कर-वानर पळवणारी 'हर्बल' औषधं: कोल्हापूरच्या दुकानांतल्या बाटल्यांत काय असतं आणि काय चालतं

लक्ष्मीपुरी-शाहूपुरीपासून गारगोटी, आजरा, चंदगडपर्यंत कुठल्याही कृषी सेवा केंद्रात गेलात तर कीटकनाशकांच्या शेजारी आता आणखी एक फळी दिसते. रानडुक्कर, वानर, मोर, साप, उंदीर अशा सगळ्यांना पळवणारी 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' औषधं. बाटलीवर डुकराचं चित्र, त्यावर लाल फुली आणि महिनाभराची हमी. लेबलं हंगामागणिक बदलतात, आतला माल मात्र त्याच चार-पाच प्रकारचा असतो. म्हणून इथे ब्रँडची नावं न घेता आत काय आहे त्यावरून परीक्षण केलं आहे.

ठोक मत आधीच सांगतो. रानडुकरासाठी एरंडेलाचं द्रावण मोजक्या दिवसांपुरतं पैसे वसूल करतं. मिरची-तंबाखूची दोरी विकत घेण्यापेक्षा घरी केलेली बरी. कडुनिंब अर्धवट. मोरासाठी मिरचीचं काहीही घेऊ नये. सापाची पावडर फुकट दिली तरी परत करावी.

एरंडेल

रानडुकराची नजर अधू, पण नाक भलतंच तिखट. मातीखालची भुईमुगाची शेंग आणि रताळं ते वासावरच उकरून काढतं. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं. तेल लागलेलं खाणं सस्तन प्राण्यांना चवीला नकोसं होतं आणि पोटात गेलं तर आतडं बिघडवतं. जमीन पोखरणाऱ्या प्राण्यांवर अमेरिकेत हेच तेल वर्षानुवर्षं विकलं जातं. म्हणजे बाटलीतली कल्पना खोटी नाही. गडबड असते ती तेल पाण्यात मिसळण्याची.

एरंडेल पाण्यात विरघळत नाही. त्याला इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात एकसारखं मिसळून ठेवणारा पदार्थ, लागतो आणि स्वस्त बाटल्यांत नेमकी तिथेच काटकसर केलेली असते. परीक्षा सोपी आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चमचाभर औषध टाका, ढवळा आणि पंधरा मिनिटं तसंच ठेवा. पाणी दुधासारखं एकसारखं पांढरं राहिलं तर माल ठीक. वर तेलाचे डोळे किंवा तवंग दिसला तर ती बाटली पंपात घालायच्या लायकीची नाही. असं द्रावण मारलं की पंपाच्या सुरुवातीला नुसतं पाणी येतं आणि शेवटच्या दोन लिटरांत सगळं तेल. बांधाचा एक भाग कोरडा राहतो, दुसऱ्या भागातली पानं करपतात आणि नोझल तुंबतो तो वेगळाच.

पाण्याचाही हिशेब आहे. शिरोळ, हातकणंगल्याच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी जड असतं. साबणावर आधारलेलं औषध अशा पाण्यात फाटतं आणि पांढरी साय धरते. तिथे नदीचं किंवा पाटाचं पाणी वापरा. ते नसेल तर साबणाऐवजी भांडी घासायचं लिक्विड घ्या, त्यावर जड पाण्याचा परिणाम कमी होतो. कपड्याची पावडर मात्र नको. तिच्यातल्या सोड्याने पानं भाजतात.

घरी करायचं असेल तर १५ लिटरच्या पंपाला २२५ मिली एरंडेल आणि ७५ मिली पोटॅशचा मऊ साबण किंवा भांड्यांचं लिक्विड लागतं. क्रम चुकवू नका. आधी तेल आणि साबण एकत्र फेटायचं, त्यात लिटरभर कोमट पाणी थोडं थोडं घालत घट्ट पांढरं होईपर्यंत ढवळायचं आणि मग पंप भरायचा. भरल्या पंपात तेल ओतलं की ते वरच तरंगतं. तेल औषधी दुकानातलं महाग असण्याची गरज नाही, व्यापारी प्रतीचं चालतं. विकतच्या बाटलीत यापेक्षा वेगळं फारसं काही नसतं. तुम्ही पैसे देता ते चांगल्या इमल्सिफायरचे आणि वाचलेल्या कष्टाचे. दोन एकरांच्या आत असाल तर तो सौदा वाईट नाही.

इथे एक धोका स्पष्ट सांगायला हवा. एरंडेल वेगळं आणि एरंडीची पेंड वेगळी. रिसिन हे विष तेलात उतरत नाही, ते पेंडीत राहतं. 'तेल चालतं तर पेंडही चालेल' म्हणून बांधावर पेंड टाकली तर कुत्री आणि जनावरं ती खाऊन मरू शकतात. खत म्हणून वापरायची असेल तर मातीत नीट गाडा.

औषध पिकावर मारायचं नसतं. बांधाच्या बाहेरच्या अंगाला, अर्धा मीटर रुंदीची पट्टी, माती आणि गवत दोन्ही ओलं होईल अशी मारायची. बारीक धुकं करणारा नोझल नको, मोठा थेंब पाडणारा घ्या. एक एकराचं चौकोनी रान धरलं तर बाजू ६३ ते ६४ मीटर आणि घेर साधारण २५५ मीटर येतो. त्याला दोन पंप, म्हणजे ४५० मिली तेल पुरतं.

घेराचा हिशेब

या औषधांचा खर्च क्षेत्रावर नसतो, घेरावर असतो, आणि दुकानदार तो एकरावर सांगतात. दहा गुंठ्यांच्या चौकोनी रानाचा घेर १२७ मीटर, म्हणजे गुंठ्याला जवळपास १३ मीटर. एक एकराला गुंठ्यामागे साडेसहा मीटरही पडत नाहीत, आणि चार एकर एकत्र धरले तर सव्वातीन. वाटण्या होऊन पट्टी झालेलं रान असेल तर उलटा फटका बसतो. २० मीटर रुंद आणि दोनशे मीटर लांब असलेल्या एकराचा घेर ४४० मीटरच्या पुढे जातो, चौकोनी एकराच्या पावणेदोनपट. अशा पट्ट्यांवर एकट्याने औषध मारणं परवडत नाही. भाऊबंदांनी एकत्र घेर धरला तरच जमतं. भाऊबंदकीवर मात्र कुठल्याच बाटलीत औषध नाही.

केव्हा मारायचं

महिनाभराच्या हमीवर जाऊ नका. कोरड्या हवेत एरंडेलाचा वास आठ-दहा दिवस टिकतो, चांगली सर आली की पुन्हा मारावं लागतं. गगनबावड्यात वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये फवारणी म्हणजे ओढ्याला तेल पाजणं. राधानगरी, शाहूवाडी, आजऱ्याच्या पश्चिम भागातही तेच.

कामाचे दिवस थोडेच असतात. भुईमुगाच्या शेंगा भरायला लागल्यापासून काढणीपर्यंत, भात दुधावर आल्यापासून पिवळं पडेपर्यंत, मक्याचं कणीस दुधाळ असेपर्यंत. प्रत्येकाला दोन-तीन आठवडे. पहिली फवारणी नुकसान दिसायच्या चार-पाच दिवस आधी करायची. कळपाला एकदा रानातल्या शेंगेची चव कळली की तो वास सहन करून आत येतो. आणि हंगामभर सारखा तोच वास ठेवला तर त्याची सवय होते, म्हणून गरज संपली की थांबायचं. पुढच्या पिकाला दोरी, त्याच्या पुढच्याला पुन्हा एरंडेल, अशी अदलाबदल ठेवा.

उसाची गोष्ट वेगळी आहे आणि बाटलीवर ती कुणी लिहीत नाही. आडसाली ऊस सात-आठ महिन्यांचा झाला की डुकरं रोज बाहेरून येत नाहीत, ती उसातच मुक्कामाला असतात. अशा फडाभोवती औषध मारलं तर कळप आत कोंडला जातो आणि नुकसान वाढतं. आधी माग बघा. संध्याकाळी बांधावरची माती झाडून सपाट करा, सकाळी खुरांचे ठसे आत गेलेत की बाहेर आलेत ते पाहा. नुसतेच बाहेर गेलेले ठसे असतील तर रात्री, कळप चरायला बाहेर पडल्यावर, दोरी ओढा. ठसे कुठलेच नसतील आणि आत ताजी उकराउकर असेल तर फवारणीचे पैसे वाचवा. पाचट काढून, सऱ्या मोकळ्या करून आडोसा कमी करा.

मिरची-तंबाखूची दोरी

तयार दोरीच्या गुंडाळ्या मिळतात, पण त्या बहुतेक नायलॉनच्या असतात. नायलॉन तेल धरत नाही, दोन दिवसांत ते गळून जातं. काथ्याची किंवा तागाची, बोटाएवढी जाड दोरी हवी. या भागात ती घरी करायला सगळंच हाताशी आहे: गडहिंग्लजच्या बाजारात मिरची, निपाणीला तंबाखूची भुकटी.

मिरची निवडताना रंगाला भुलू नका. ब्याडगी लालभडक असते पण तिखटाला सौम्य. इथे कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीला तिखटपणा देणारं रसायन, हवं, म्हणून लवंगी किंवा तेजा. फुटलेल्या, डागी मालावर काम भागतं, तो स्वस्त पडतो. बुरशी लागलेला मात्र घेऊ नका, ती धूळ तुमच्याच छातीत जाते. घरातली जुनी कांदा-लसूण चटणी वापरायचा मोह होतो, तोही टाळा. मीठ-खोबऱ्याच्या वासाने आधी उंदीर येतील.

कॅप्सेसिन पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतं. मिरची पावडर पाण्यात कालवून दोरीला फासली की वाळून झटकली जाते. बहुतेकांची दोरी इथेच फसते. लिटरभर करंज तेल मंद आचेवर कोमट करा, उकळू नका, त्यात पाव किलो मिरची पूड घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी १०० ग्रॅम तंबाखूची भुकटी आणि चिकटपणासाठी अर्धा किलो साधं ग्रीस मिसळा. गॅरेजमधलं जळकं ऑईल बहुतेक जण वापरतात, कारण ते फुकट मिळतं. त्यातली घाण पावसात धुऊन विहिरीत उतरते, आणि मग 'वनस्पतीजन्य' या शब्दाला काही अर्थ उरत नाही. ग्रीसही वनस्पतीजन्य नाही हे खरंच, पण ते जागेवर राहतं आणि थोडं लागतं.

हे सगळं उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि रबरी हातमोजे घालून करा. निकोटीन ओल्या कातडीतून अंगात शिरतं. मळमळ आणि चक्कर सुरू झाली की लगेच हात धुऊन बाजूला व्हा. मिरची कातडीला लागली तर आधी खाण्याचं तेल चोळा, मग साबण लावा. डोळ्यात गेली तर भरपूर स्वच्छ पाणी, आणि जळजळ थांबली नाही तर डॉक्टर.

दोरी पिकापासून तीन-चार मीटर बाहेर, दर तीन मीटरला खुंटी मारून ताणायची. डुकरासाठी दोन ओळी: एक जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, दुसरी ६० वर. फक्त वरची ओळ लावली तर पिल्लं खालून सरळ जातात आणि मागून मादी मुसंडी मारते. एका एकराला दोन ओळींची ५१० मीटरच्या वर दोरी लागते, खरा खर्च तोच आहे. लेप कोरड्यात आठवड्याने आणि पावसानंतर लगेच पुन्हा लावायचा. जिथे वाट पडली आहे त्या ठिकाणी पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या अर्ध्या कापून छत्रीसारख्या दोरीवर बसवल्या आणि आत लेपात बुडवलेल्या चिंध्या टांगल्या तर पावसातही वास टिकतो. दुकानात यासाठी वेगळा 'डिस्पेन्सर' विकतात. काम तेवढंच करतो.

वाळक्या शेणाच्या गोवरीत मिरची घालून धूर करण्याच्या वड्याही मिळतात. धूर वानरांना आणि डुकरांना नकोसा असतो हे खरं, पण वारा फिरला की तो तुमच्याच घरात येतो, आणि पाचट पडलेल्या उसाजवळ निखारा ठेवणं म्हणजे फड पेटवायला बोलावणं. घेऊ नका.

कडुनिंब

कडुनिंबाच्या बाटलीवर १५०० पीपीएम, १०,००० पीपीएम असे आकडे असतात. हा अझाडिरॅक्टिनचा, म्हणजे कडुनिंबातल्या कीडनाशक घटकाचा, दहा लाखांत किती भाग ते सांगणारा आकडा आहे आणि तो किडींसाठी महत्त्वाचा. वानराला पान नकोसं होतं ते कडू चवीने आणि तेलाच्या वासाने, त्यासाठी १०,००० पीपीएमचे पैसे मोजणं व्यर्थ. साधं कडुनिंब तेल, लिटरला ५ मिली आणि इमल्सिफायर, एवढं पुरेसं. ऊन लागलं की अझाडिरॅक्टिन काही दिवसांत मोडतं, म्हणून संध्याकाळी फवारा आणि आठवड्याने पुन्हा. कडेच्या दोन-तीन ओळींतल्या कोवळ्या पानांना थोडाफार आसरा मिळतो. फळाला किंवा शेंगेला नाही. पालेभाजीवर मारलं तर कडवटपणा तुमच्याही ताटात येतो. फुलोऱ्यात असलेल्या पिकावर मारू नका, मधमाश्यांचं काम बिघडतं.

वानरांबाबत आणखी एक. टोळी बुद्धीने डुकरांच्या पुढे असते. जवळच्या झाडावरून थेट पिकात उडी मारता येत असेल तर बांधावरची कुठलीही फवारणी तिच्यासाठी नसल्यासारखी. आधी लोंबत्या फांद्या छाटा.

मोर आणि पारवे

पेरलेला भुईमूग, मका उकरणाऱ्या मोरांसाठी मिरचीचं औषध विकणारा दुकानदार एक तर अडाणी असतो किंवा तुम्हाला तसं समजतो. पक्ष्यांच्या शरीरातला जळजळ ओळखणारा संवेदक कॅप्सेसिनला दाद देत नाही. रानात मिरचीचं बी पसरवण्याचं काम पक्षीच करतात, ते याच कारणाने. पक्ष्यांवर चालणारं वनस्पतीतलं रसायन म्हणजे मिथाइल अँथ्रानिलेट. द्राक्षाच्या काही जातींत आणि मोगऱ्याच्या वर्गातल्या फुलांत ते असतं, वासही द्राक्षाच्या गोळीसारखा. बाजारात येतं ते बहुधा कारखान्यात बनवलेलं. ते चोचीला आणि नाकाला चुरचुरतं, पण उन्हात लवकर उडून जातं आणि जास्त झालं तर पान भाजतं. चार दिवसांच्या उगवणीपुरतं वापरता येतं, पण भावाचा विचार करता पेरणीवर जाळी किंवा चकाकणारी फीत स्वस्त पडते. शहरातल्या बाल्कनीत पारव्यांसाठी तर थेट जाळीच लावा. मोर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे, त्याला विष घालण्याचा विचारही नको.

गवा आणि हत्ती

राधानगरी अभयारण्याच्या आसपास, पन्हाळ्याच्या डोंगराखाली गवा येतो. त्याच्यासाठी कुठलीही बाटली घेऊ नका. मिरचीची दोरी तो बघतो, कधी थांबतो, कधी तोडून जातो. आजरा-चंदगडात कर्नाटकातून येणाऱ्या हत्तींसाठी मिरची-ग्रीसची दोरी सुचवली जाते. आफ्रिकेत ही पद्धत रूढ आहे, पण सुमात्रातल्या वे कंबास राष्ट्रीय उद्यानाशेजारी तपासलं तेव्हा नुसत्या रात्रपाळीच्या राखणीपेक्षा मिरचीने वेगळा फायदा दिसला नाही. दोन्ही प्राणी पहिल्या अनुसूचीतले. दिसले तर गर्दी करू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. नुकसान झालं असेल तर ठसे आणि पीक न हलवता फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत भरपाईचा अर्ज करा. पंचनाम्याआधी बांधावर फवारणी करून ठसे पुसू नका.

सापाची पावडर

पंचगंगेला पूर आला की हिची विक्री वाढते. गंधक, डांबरगोळी, लसूण, कधी पुदिन्याचं तेल. जमिनीवर ओढलेली वासाची रेघ साप ओलांडून जातो. लवंग-दालचिनीच्या तेलाने साप जागा सोडतात असं ग्वाम बेटावरच्या सापांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, पण ते बंदिस्त जागेत थेट अंगावर मारल्यावर. घराभोवती टाकलेल्या पावडरीला त्यातलं काही लागू नाही. त्या पैशांत दाराखालची फट बुजवा, सरपण उंचावर ठेवा आणि उंदरांचा बंदोबस्त करा.

घेताना

लेबलवर घटक आणि त्यांची टक्केवारी, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख हवी. कडुनिंबाच्या कीटकनाशक बाटलीवर नोंदणी क्रमांकही हवा. 'गुप्त आयुर्वेदिक सूत्र' लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. काही 'हर्बल' पुड्यांना तीव्र, डोक्यात जाणारा कीटकनाशकाचा वास येतो. त्यांत फोरेट मिसळलेलं असण्याची शंका घ्या. थिमेट म्हणून ओळखलं जाणारं हे औषध भारतात २०२० च्या अखेरीपासून बंद आहे. बांधावर कापडात बांधून ते टांगण्याची जुनी सवय जनावरं, पक्षी आणि माणसं सगळ्यांनाच धोक्याची.

दुकानाच्या उन्हातल्या काचेत ठेवलेली बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा. पहिल्यांदा लहान माप घ्या, पक्कं बिल घ्या आणि तेलाच्या औषधाची ग्लासातली परीक्षा दुकानातच करायला सांगा. तयार नसेल तर पुढचं दुकान बघा. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून अंधारात ठेवली तर एरंडेलाचं औषध पुढच्या हंगामापर्यंत टिकतं. वापरायच्या आधी पुन्हा एकदा ग्लासात ढवळून बघा.